बसून बघायची शहरं

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

प्रवासाचा विषय काढला की तुमचं दोघांचं उत्तर ठरलेलं असतं, "आमच्यामुळे तुझा खोळंबा होईल, तू जाऊन ये." मी समजावायला लागले की आई गप्प होते आणि बाबा विषय बदलतात. म्हणून या वेळी सगळं सविस्तर लिहून पाठवते आहे. चष्मा लावून, सावकाश वाचा.

मला तुम्हाला इस्तंबूल, व्हिएन्ना आणि त्रिएस्तेला न्यायचं आहे. तिन्ही कॉफीची शहरं. कॉफी मला जिवापाड आवडते हे तर खरंच, पण ही तीन नावं काढताना माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही होतात. एरवी परगावी गेलं की दिवसभर पायपीट असते, हा किल्ला चढा, त्या संग्रहालयात तासन् तास उभे राहा. कॉफीच्या शहरांत बसणं हाच मुख्य कार्यक्रम. तिथली माणसं जिथे वाचतात, भांडतात, बुद्धिबळ खेळतात, लग्नं ठरवतात, तिथेच आपल्याला खुर्ची मिळते, पुढ्यात कप येतो आणि कुणी उठवायला येत नाही. आईचा गुडघा तिथे आड येणार नाही. आणि बाबा, तुम्ही एका जागी दोन तास पेपर वाचत बसता म्हणून आई वैतागते ना? व्हिएन्नात त्याला संस्कृती म्हणतात, आणि ते अगदी योग्यच आहे.

सुरुवात इस्तंबूलपासून करू, कारण कॉफीगृहांची गोष्टही युरोपच्या दिशेने तिथूनच निघाली. बाबा, हे खास तुमच्यासाठी. ऑटोमन इतिहासकार इब्राहिम पेचेवीनं लिहून ठेवलंय की 1554-55 च्या सुमारास अलेप्पोचा हाकेम आणि दमास्कसचा शेम्स या दोघांनी इस्तंबूलच्या ताहताकाले भागात कॉफीची दुकानं थाटली. लोक तिथे जमायला लागले. जमले की बोलायला लागले, आणि बोलायला लागले की राज्यकारभारावर येणारच. 1633 मध्ये सुलतान चौथ्या मुरादनं कॉफीगृहं बंद करवली. बंदी टिकली नाही, कॉफीगृहं टिकली. ते ताहताकाले आजही आहे, मसाल्यांच्या बाजाराला लागून. ट्राम एमिनोनूला जवळच थांबते आणि तिथला रस्ता सपाट आहे, चढ नाही. बाजाराच्या कोपऱ्यावर कुरुकाहवेजी मेहमेत एफेंदी हे 1871 सालचं दुकान आहे. त्याआधी लोक कच्च्या बिया घेऊन जात आणि घरी भाजून कुटत. या माणसानं भाजलेली, दळलेली कॉफी विकायला सुरुवात केली. खिडकीपुढे रांग असते, पण रांगेत मी उभी राहीन. तुम्ही नुसता वास घ्या.

तिथली कॉफी करताना बघण्यासारखी असते. लांब दांड्याचं तांब्याचं छोटं भांडं, त्याला जेझवे म्हणतात. त्यात थंड पाणी, पिठाइतकी बारीक दळलेली कॉफी आणि साखर एकदमच घालतात, एकदा ढवळतात आणि अगदी मंद आचेवर ठेवतात. मग कुणी भांड्याला हात लावत नाही. कडेनं फेस वर चढू लागतो. उतू जायच्या बेताला आला की भांडं उचलतात, आधी चमच्यानं फेस प्रत्येक कपात वाटून देतात आणि उरलेली कॉफी मागाहून ओततात. फेस नसेल तर करणाऱ्याची नाचक्की. साखर शिजतानाच पडत असल्यामुळे ती किती हवी ते आधीच सांगावं लागतं: साखर नको असेल तर सादे, थोडी हवी असेल तर आझ शेकेर्ली, मध्यम हवी असेल तर ओर्ता. बाबा, तुम्ही सादे म्हणायचं. साखरेवरून मी आत्ताच बजावून ठेवते.

कप आला की लगेच तोंडाला लावायचा नाही. सोबत पाणी येतं, त्याचा घोट घेऊन तोंड स्वच्छ करायचं, तेवढ्यात गाळ खाली बसतो. तळातला गाळ प्यायचा नाही. कप बशीत उपडा करून आतल्या गाळावरून भविष्य सांगणारेही असतात; त्यावर माझा विश्वास नाही, पण बायका एकमेकींच्या कपात डोकावून ज्या जिव्हाळ्याने बोलतात ते ऐकायला मला फार आवडतं. आणि आई, तुला ही रीत नक्की आवडेल: तिथे मुलाकडची माणसं मागणी घालायला आली की मुलगी सगळ्यांना कॉफी करून देते आणि नवऱ्या मुलाच्या कपात साखरेऐवजी मीठ घालते. त्यानं चेहरा वाकडा न करता ती प्यायची. ही सगळी परंपरा 2013 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली.

फक्त दोन गोष्टी सांभाळायच्या. काही नावाजलेल्या ठिकाणी बसायला वीतभर उंचीची बुटकी स्टुलं असतात, तिथे आपण जायचं नाही. आणि ही कॉफी गाळलेली नसते. न गाळलेल्या कॉफीतले तेलकट अंश रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात. कागदी गाळणीतून आलेल्या कॉफीत ते बहुतेक अडकतात. चार दिवस रोज एक कप घेतला म्हणून बाबांना काही होणार नाही, पण आवडली म्हणून परत आल्यावर रोजची सवय करायची नाही. संध्याकाळी बोटीनं समोरच्या आशियाई किनाऱ्यावर जाऊन यायचं. बोटीतही बसायला बाकं आहेत.

इस्तंबूलहून व्हिएन्नाला विमानानं. 1683 मध्ये तुर्की सैन्य व्हिएन्नाच्या वेढ्यातून हरून परतलं तेव्हा मागे कॉफीच्या गोण्या राहिल्या आणि कोल्शित्स्की नावाच्या दूतानं त्या घेऊन पहिलं कॉफीगृह काढलं, अशी कथा तिथे सांगतात. एका इमारतीच्या कोपऱ्यावर त्याचा पुतळासुद्धा आहे, हातातल्या भांड्यातून कॉफी ओतणारा. कागदोपत्री मात्र पहिला परवाना 1685 मध्ये योहानेस दिओदातो या आर्मेनियन व्यापाऱ्याला मिळाला. पुतळा एकाचा, परवाना दुसऱ्याचा. बाबा, यावर तुमच्याशी तिथे बसूनच बोलायचं आहे.

सगळे प्रवासी कॅफे सेंट्रलला धावतात. 1876 चं आहे, छताच्या कमानी डोळे दिपवतात, रशियन क्रांतिकारक ट्रॉट्स्की तिथे बुद्धिबळ खेळत बसायचा. पण आता दाराबाहेर रांग असते आणि आत फोटो काढणाऱ्यांची गडबड. माझं मन कॅफे श्पेर्लमध्ये रमतं. 1880 चं. उंच खिडक्या, झिजलेली लाकडी फरशी, मऊ बैठका, मधे बिलियर्डची टेबलं, आणि लाकडी दांड्यांना अडकवलेले पेपर. त्यात इंग्रजी पेपरही मिळतात. काळ्या कोटातला वेटर येतो, त्याला हेर ओबर म्हणायचं. तुम्ही मेलांज मागवा, अर्धी कॉफी, अर्धं गरम दूध, वर फेस. आईला मी आइनश्पेनर देणार, काचेच्या पेल्यात काळी कॉफी आणि वर घट्ट फेटलेल्या क्रीमचा ढीग. ते क्रीम ढवळायचं नसतं. त्याच्या थंड थरातून खालची गरम कडू कॉफी ओढायची असते. कप छोट्या चांदीच्या तबकात येतो, शेजारी पाण्याचा ग्लास आणि ग्लासावर पालथा ठेवलेला चमचा. पाणी संपलं की न मागता दुसरा ग्लास येतो. बिल मात्र मागितल्याशिवाय येत नाही, मग तुम्ही एका कपावर दुपार काढा नाहीतर संध्याकाळ. आपण दुर्लक्षित राहिलोय असं वाटून घ्यायचं नाही, बिल न आणणं हाच तिथला पाहुणचार. सिगारेटचीही काळजी नको. 2019 च्या नोव्हेंबरपासून ऑस्ट्रियात आत बसून धूम्रपान करायला बंदी आहे, बाबांचा खोकला सुखरूप राहील.

कॉफीगृहांत प्रसाधनगृह असतं, हे मुद्दाम लिहिते, कारण आई प्रवासात त्या धास्तीनं पाणीच पीत नाही. काही जुन्या ठिकाणी ते जिना उतरून तळघरात असतं. मी तुझ्यासोबत येईन. दोन कॉफ्यांच्या मधे ट्राम आहेच. रिंगश्ट्रासे या जुन्या शहराभोवतीच्या रस्त्यावरून जाते, ऑपेरा, संसद, जुने राजवाडे सगळं खिडकीतून दिसतं.

मग त्रिएस्ते. हे नाव तुम्ही फारसं ऐकलं नसेल, पण माझं सगळ्यात लाडकं शहर हेच. आज इटलीत आहे, 1918 पर्यंत ऑस्ट्रियाचं बंदर होतं. 1719 मध्ये सम्राट सहाव्या चार्ल्सनं ते मुक्त बंदर केलं आणि पुढे व्हिएन्नाच्या कॉफीगृहांना लागणाऱ्या गोण्या इथे उतरू लागल्या. आजही कॉफीचा धंदा तिथे मोठा आहे. इली ही कंपनी 1933 मध्ये इथेच सुरू झाली. व्हिएन्नाहून रेल्वेनं जाऊ. हा मार्ग 1857 मध्ये पूर्ण झाला आणि त्यातला सेमेरिंगचा घाट 1854 पासून वापरात आहे. कार्ल फॉन गेगानं बांधलेले दगडी कमानींचे पूल बघायला बाबा खिडकीला नाक लावून बसतील, मला माहिती आहे. एका दमात गेलं तर अख्खा दिवस मोडतो, म्हणून वाटेत स्लोव्हेनियाच्या राजधानीत, ल्युब्लियानात, एक मुक्काम टाकू.

त्रिएस्तेत इटलीतल्यासारखं काउंटरला उभं राहून दोन घोटांत कॉफी संपवणारेही आहेत आणि व्हिएन्नासारखे दिवसभर बसणारेही. बसण्याचे पैसे काउंटरपेक्षा जास्त पडतात, त्यावरून बाबांनी घासाघीस करायची नाही. कॉफी मागायची भाषाही तिथली स्वतःची आहे. नेरो म्हणजे एस्प्रेसो. कापो म्हणजे छोट्या कपात, वर थोडं फेसाळ दूध घातलेली. कापो इन बी म्हणजे तीच, पण काचेच्या छोट्या ग्लासात. आई, तू कापो इन बी माग. काउंटरवरचा माणूस परक्या बाईच्या तोंडून ते ऐकून खुलतो, मी पाहिलंय. कॅफे सान मार्को 1914 चं, आतच पुस्तकांचं दुकान आहे. एक सकाळ तिथे. संध्याकाळी समुद्राकडे उघडणाऱ्या भव्य चौकात, 1839 पासूनच्या कॅफे देल्यी स्पेकीच्या बाहेर. हिवाळ्यात तिथे बोरा नावाचा वारा सुटतो, इतका की पूर्वी धरून चालायला रस्त्याच्या कडेला दोर बांधत. म्हणून आपण सप्टेंबरात जाऊ.

अदिस अबाबा का नाही, असं बाबा विचारतील, कारण अरेबिका कॉफीचं मूळ इथिओपियाच्या जंगलातलं. तिथला कॉफीचा सोहळा मला आजवर अनुभवलेल्या पाहुणचारांत सगळ्यात थोर वाटतो. हिरव्या बिया समोरच धुतात, तव्यावर भाजतात, तवा सगळ्यांपुढे फिरवतात आणि आपण हातानं धूर स्वतःकडे ओढायचा. मग जेबेना नावाच्या मातीच्या कॉफीपात्रातून तीन फेऱ्या, आबोल, तोना, बरका. तिसरी घेतल्याशिवाय उठायचं नाही. पण शहर 2,300 मीटरहून उंच आहे आणि बाबांच्या बीपीचा विचार करता मला ते धाडस नको वाटतं. मेलबर्नची कॉफी अप्रतिम, पण विमानात इतके तास पाय लोंबकळत ठेवणं आईला झेपणार नाही.

आता औषधांचं. आई, थायरॉइडची गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि निदान अर्धा-पाऊण तास कॉफी घ्यायची नाही, कॉफीनं गोळी नीट शोषली जात नाही. हॉटेलात मीच घड्याळ लावीन. निरोगी प्रौढाला दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं असं युरोपची अन्नसुरक्षा संस्था सांगते, पण तुमच्यासाठी मी दिवसाला दोनच कप धरले आहेत, दोन्ही दुपारच्या आत. कॅफीन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात आणि बाबांची झोप आधीच हलकी. संध्याकाळी डीकॅफ, म्हणजे कॅफीन काढलेली कॉफी. इटलीत ते कुठेही मिळतं आणि चवीला खरंच चांगलं असतं.

दिवसाला एक शहरदर्शनाची गोष्ट आणि दोन बैठका, यापेक्षा जास्त काहीही ठरवलेलं नाही. मला तुमच्यासोबत वेळ घालवायचा आहे, आणि जिथे घाई नाही अशा ठिकाणी घालवायचा आहे. तुमच्यामुळे खोळंबा कसा होईल? मी एकटी गेले तेव्हा प्रत्येक टेबलाशी दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि मला त्या डाचायच्या.

दोघांचे पासपोर्ट काढून मुदत बघा. परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने उरायला हवेत. डॉक्टरांना बीपी, कोलेस्टेरॉल आणि विमानप्रवास या तिन्हींबद्दल स्पष्ट विचारा आणि गोळ्यांची यादी मूळ औषधाच्या नावांसह टाइप करून घ्या. त्यांनी होकार दिला की मला कळवा, मी तिकिटं काढते.

तुमची लाडकी,
मनू