सूचना : गुरुवारच्या सामूहिक भजन सरावाबाबत

परभणी येथील आपल्या भजनी मंडळाच्या सर्व सभासदांस कळविण्यात येते की, येत्या गुरुवारपासून सराव सायंकाळी सात वाजता मोंढ्यामागील विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात होईल. एकत्र गाताना ओळ संपेपर्यंत श्वास सावकाश सोडावा लागतो, त्यामुळे सर्वांचा श्वास एका लयीत येतो आणि हृदयाच्या ठोक्यांची चढउतारही परस्परांशी जुळू लागते, असे स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये समूहगायकांच्या अभ्यासातून दाखविले आहे. आवाज बरा नाही या संकोचाने खांबाआड बसणाऱ्यांनी (असे आपल्यात बरेच आहेत) टाळ घेऊन पुढे यावे. दम्याचा त्रास असलेल्यांनी झेपेल तेवढेच गावे. औषधे मात्र बंद करू नयेत. उन्हाळा असल्याने पिण्याचे पाणी सोबत आणावे.