स्पॅम अडवताना नुसता पत्ता पुरत नाही

महोदय,

मंडळांची, पतसंस्थांची खरी ईमेलही स्पॅममध्ये जातात, याला सर्व्हरच्या इंटरनेट पत्त्यांचा विस्तारही कारणीभूत आहे. आयपीव्ही४ या जुन्या पत्तापद्धतीत पत्ते सुमारे ४३० कोटी. तिथे स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांची काळी यादी ठेवणे जमत होते. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीच्या एका /६४ गटातच (पहिले ६४ बिट सारखे असलेल्या पत्त्यांचा गट) वीस अंकी संख्येइतके पत्ते असतात. स्पॅमवाला दर ईमेलला नवा पत्ता घेऊ शकतो, त्यामुळे अख्खा गटच अडवावा लागतो. काही होस्टिंगवाले मात्र अनेक ग्राहक एकाच गटात कोंबतात, मग सुक्याबरोबर ओलेही जळते.

संस्थेचा सर्व्हर सांभाळणाऱ्याने आधी एसपीएफ नोंद (संस्थेच्या नावाने कोणते सर्व्हर ईमेल पाठवू शकतात, त्यांची यादी) पाहावी. तीत अनेकदा फक्त ‘आयपी४’ असते आणि सर्व्हर पाठवतो आयपीव्ही६ वरून. बहुधा इथेच घोडे पेंड खाते. ‘आयपी६’ जोडा, त्या पत्त्याची पीटीआर नोंद (पत्त्यावरून सर्व्हरचे नाव सांगणारी) होस्टिंगवाल्याकडून करून घ्या. ती नसेल तर जीमेल ईमेल नाकारू शकते. एसपीएफ तपासताना १० पेक्षा जास्त डीएनएस (इंटरनेटवरील नावांची नोंदवही) चौकश्या लागल्या तर सगळी नोंद निकामी ठरते. डीकेआयएम सही (ईमेल संस्थेच्याच डोमेनची असल्याची डिजिटल खूण) हवीच. डीमार्क (या तपासण्यांत नापास झालेल्या ईमेलचे काय करायचे, हे सांगणारी नोंद) थेट ‘रिजेक्ट’वर, म्हणजे नाकारण्यावर, नेण्याची घाई नको, आधी ‘नन’ (काहीच कारवाई नाही) ठेवून काही आठवडे अहवाल वाचा.

– मेल सर्व्हर सांभाळणारे काही तंत्रज्ञ, इंदूर