‘माझं आधी’ म्हणणाऱ्या दादाला

प्रिय दादा,
सलाम.

हे पत्र तुला वाचता येणार नाही, आणि तेच बरं. वाचता आलं असतं तर अर्धं कौतुक तू खोडून टाकलं असतंस. मराठीत लिहितोय ते अमेरिकेत शिकायला येणाऱ्या आणि ख्रिस्ती फ्रॅटर्निटीच्या, म्हणजे कॉलेजातल्या मुलग्यांच्या बंधुसंघाच्या, दारात घुटमळणाऱ्या आपल्या मुलांसाठी. ‘दादा’ हा शब्दही त्यांच्यासाठीच, कारण तुमच्याकडचं ‘बिग ब्रदर’ मराठीत म्हटलं की टीव्हीवरचं घर आठवतं. फ्रॅटर्निटी म्हणजे दारूच्या पार्ट्या, एवढंच या मुलांच्या कानावर आलेलं असतं. अल्फा गॅमा ओमेगा १९२७ पासून आणि बीटा अप्सिलॉन काय (Chi) १९८५ पासून ख्रिस्ती बांधवांची म्हणून चालू आहे, हे त्यांच्या गावीही नसतं. मात्र ग्रीक अक्षरांशेजारी क्रूस लावला म्हणून माणूस आपोआप सरळ होत नाही, हेही त्यांना कळायला हवं.

तुझ्याआधी ज्यांच्याकडे आमच्या वागण्याचा दर आठवड्याला हिशेब घ्यायचं हे काम होतं, त्यांच्याबद्दल दोन वाक्यं लिहितो आणि विषय सोडतो. एक जण सोमवारी फोनवर वचन पाठवायचा आणि पुढच्या सोमवारपर्यंत गायब. दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट ‘प्रार्थना विनंती’ म्हणून सगळ्यांसमोर वाचून दाखवली. चहाडीला प्रार्थनेचा झगा चढवला की तिला कोणी अडवत नाही, आणि त्यानंतर त्या खोलीत कोणी तोंडही उघडत नाही.

तू पहिल्या रविवारी खुर्ची पुढे ओढलीस, तिघांचे फोन बाहेरच्या टेबलावर ठेवलेस आणि म्हणालास, “माझं आधी.” मग पाच मिनिटं स्वतःचा आठवडा सांगितलास. त्यातल्या दोन गोष्टी सांगताना तुझे कान लाल झाले होते. त्या काय होत्या हे इथे येणार नाही, आपला नियमच तसा आहे. पण ते दोन शब्द नसते, तर पुढचं सगळं पोलीस चौकशी झालं असतं. मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याने १७३८ साली आपल्या छोट्या गटांसाठी जे नियम लिहिले, त्यातही हेच आहे: एकाने आधी स्वतःची स्थिती सांगावी, मग इतरांना विचारावं. तू ते वाचलं होतंस की नाही, मी कधी विचारलं नाही. नसावंस. सभ्य माणसाला ते न वाचताच सुचतं.

बाकीचं तुझं शास्त्र आता या मुलांसाठी उतरवतो.

गट तिघांचा. दोघं असले की महिन्याभरात मैत्री जमते आणि ‘जाऊ दे रे, चालतं’ सुरू होतं. पाच झाले की गप्प बसायला कोपरा मिळतो. तिघांत एक आजारी पडला तरी बैठक होते. वेळ ठरलेली, पाऊण तास, परीक्षेच्या आठवड्यातही. सगळ्यात जास्त घसरण नेमकी त्याच आठवड्यात होते, कारण भूक, राग, एकटेपणा आणि थकवा हे चौघे तेव्हा एकदम दारात उभे असतात.

प्रश्न मोजता येण्यासारखा हवा. ‘कसं चाललंय?’ याला ‘ठीक’ हे उत्तर तयारच असतं. ‘प्रयत्न करतोयस ना?’ हा तर त्याहून वाईट, त्याला ‘नाही’ म्हणणारा अजून जन्मायचाय. तू विचारायचास, “सातपैकी किती रात्री फोन खोलीबाहेर होता?” चार म्हटलं की पुढचा प्रश्न उरलेल्या तीन रात्रींचा: किती वाजले होते, त्याआधी काय घडलं होतं? उत्तरं चार आठवडे ऐकली की नमुना दिसतो. बहुतेकदा मोह एकच असतो, ठरावीक वारी, ठरावीक तासाला येणारा. मग त्या तासाचा बंदोबस्त करता येतो. शेवटचा प्रश्न नेहमी एकच: “आत्ताच्या उत्तरांत काही खोटं होतं का?” त्यानंतरची शांतता तू कधी भरून काढली नाहीस.

चूक झाली तर चोवीस तासांत कळवायची. रविवारपर्यंत थांबलं की मन तिची नीटनेटकी गोष्ट रचतं आणि गोष्टीत आपण निर्दोष सुटतो. त्याहून बरं म्हणजे मोह समोर असतानाच फोन. शब्दही ठरलेला, ‘चालायला येतोस?’, म्हणजे रात्री साडेअकराला समजावत बसावं लागत नाही. कागदावर पापांची यादी नाही. कागद हरवतो, मग सापडतो, आणि सापडतो नको त्यालाच.

सकाळी फोनला हात लावण्याआधी पंधरा मिनिटं, एक स्तोत्र आणि प्रार्थना. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशीही पंधराच, तीस नाहीत. भरपाई करणारे तिसऱ्या दिवशी सगळंच सोडतात. उपवास आठवड्यातून एका जेवणाचा, पाणी पिऊन आणि गाजावाजा न करता. मधुमेह असेल, औषधं चालू असतील किंवा खाण्याशीच झगडा असेल, त्याने तो करू नये. त्याने त्याऐवजी दुसरं काही सोडावं.

आता फ्रॅटर्निटीचं खरं दुखणं. जुन्या प्रश्नपत्रिकांची फाइल. प्राध्यापकांनी स्वतः परत दिलेला किंवा सगळ्यांसाठी खुला केलेला पेपर वापरायला हरकत नाही. चोरून फोटो काढलेला पेपर मात्र चोरीचाच, आणि त्या फाइलमध्ये दोन्ही एकत्र पडलेले असतात. तुझी कसोटी सोपी होती: हा कागद कुठून आला हे प्राध्यापकांना तोंडावर सांगता येईल का? नसेल तर फाइल बंद. मित्राच्या नावाने हजेरी लावणंही त्याच कसोटीत बसतं, आणि गंमत म्हणजे बायबल अभ्यासाला वेळेवर येणारेच ती बिनदिक्कत लावतात.

वर्गणीचे पैसे मोजायला दोघं, पावती त्याच दिवशी, आणि ‘सोमवारी परत टाकतो’ म्हणून त्यातून एक डॉलरही उचलायचा नाही. बायबलमध्ये प्रेषित पौल करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, आठव्या अध्यायात लिहितो की वर्गणी पोहोचवायला सोबत आणखी बांधव घेतले, कोणी बोट दाखवू नये म्हणून. प्रेषिताला साक्षीदार लागले, तर एकोणीस वर्षांच्या खजिनदाराने कशाला रुसावं?

आणि गुप्ततेची मर्यादा तू पहिल्याच दिवशी सांगितलीस. कोणी जिवाचं बरंवाईट करणार असेल किंवा कोणाला इजा होत असेल, तर ते त्या खोलीत राहणार नाही, चर्चच्या पाळकांकडे किंवा समुपदेशकाकडे जाईल. “मी डॉक्टर नाही,” हे तू दोनदा म्हणालास. आधीच्यांपैकी एकानेही म्हटलं नव्हतं. याकोबाच्या पत्रात पातकं एकमेकांजवळ कबूल करा असं आहे, एकमेकांवर उपचार करा असं नाही. शिवाय त्याच वाक्यात एकमेकांसाठी प्रार्थना करा असंही आहे, आणि तेवढी तू उठण्याआधी, नाव घेऊन, तिथेच करायचास.

यंदा नवीन मुलं आली आहेत. पहिल्या रविवारी बोलायची पाळी माझी होती. ‘माझं आधी’ म्हणायला केवढा दम लागतो, ते तेव्हा कळलं.

फोन खोलीबाहेर राहावा म्हणून दिलेलं तुझं किल्लीचं घड्याळ अजून माझ्याकडेच आहे. रोज तीन मिनिटं मागे पडतं, पण गजर भिंतीपलीकडच्यालाही उठवतो. परत कुठे पाठवू ते कळव. हे एवढं वाक्य तुला वेगळं, इंग्रजीत पाठवतोय.

प्रभूमध्ये तुझा,
धाकटा भाऊ