उत्क्रांती ‘कोणी पाहिली?’ – कपाशीच्या शेतात जाऊन विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील पाठ्यपुस्तके टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ या पुस्तकातील पहिल्याच ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ या प्रकरणाचे पुढे काय होणार, याची विचारणा पालकांनी आणि शिक्षकांनी आताच करायला हवी. ही शंका निराधार नाही. केंद्रीय पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्या ‘एनसीईआरटी’ने करोनाकाळातील अभ्यासाचा भार कमी करण्याचे कारण देऊन दहावीच्या याच नावाच्या प्रकरणातून २०२२-२३ मध्ये उत्क्रांती वगळली आणि केवळ आनुवंशिकता शिल्लक ठेवली. एप्रिल २०२३ मध्ये अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी खुले पत्र लिहून विरोध केला, तेव्हा हा विषय बारावीच्या जीवशास्त्रात आहेच, असे सांगण्यात आले. ते खरे आहे. परंतु जो विद्यार्थी दहावीनंतर वाणिज्य शाखेकडे वळतो, आयटीआयला जातो किंवा घरच्या शेतीला लागतो, त्याच्या कानावर उत्क्रांती पडायची ती दहावीतच, नाही तर कधीच नाही.

या विषयाला होणारा विरोध बहुधा सृष्टीच्या निर्मात्यावरील श्रद्धेच्या नावाने होतो, आणि त्याचा सर्वांत गाजलेला नमुना आपल्याच राज्यातला आहे. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, एका वैदिक संमेलनाच्या निमित्ताने, तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असल्याचे सांगितले. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांपैकी कोणी लिहिलेले नाही की सांगितलेले नाही, असा त्यांचा मुद्दा होता, आणि म्हणून शाळा-महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात बदल व्हावा, अशी अपेक्षाही त्यांनी व्यक्त केली. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून हे म्हणणे खोडून काढले, आणि सिंह यांचे वरिष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर यांनीही अशी विधाने टाळण्यास सांगितले. मुंबईचे पोलीस आयुक्तपद भूषवलेल्या व्यक्तीने प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराशिवाय दुसरा पुरावाच मानू नये, याचे मात्र मला आजही नवल वाटते.

त्याहून नवलाची गोष्ट अशी, की ज्या मराठवाड्यात हे विधान झाले तेथे त्याच हंगामात शेतकरी उत्क्रांतीचा तडाखा सोसत होते. २०१७ च्या खरिपात मराठवाड्यात आणि आमच्या विदर्भात गुलाबी बोंडअळीने कपाशीची दैना केली. बाहेरून हिरवेगार, टणक दिसणारे बोंड फोडले की आत सरकी पोखरलेली, धागा पिवळा पडलेला आणि मध्ये ती गुलाबी अळी! वेचणीला बायका लावाव्यात तर हाती कवडीच, म्हणजे किडका, चिकटलेला कापूस येई. पंचनाम्यांसाठी अर्जांचे ढीग लागले. २००२ मध्ये बीटी कपाशी, म्हणजे एका जिवाणूचे जनुक घातलेली कपाशी, आली, तेव्हा तिच्यातील विषारी प्रथिनाने या अळ्या मरत होत्या. मग त्या पुन्हा कोठून आल्या? लाखो अळ्यांमध्ये काही थोड्या अशा होत्या, की जनुकातील किरकोळ बदलामुळे ते विष त्यांना बाधत नव्हते. बाकीच्या मेल्या, या उरल्या, यांचेच पतंग एकमेकांशी जुळले आणि काही वर्षांत शेत त्यांच्याच प्रजेने भरले. २००६ मध्ये दुसरे जनुक घातलेले वाण बाजारात आले, त्यालाही अळीने दहा-बारा वर्षांत दाद देणे बंद केले. चार्ल्स डार्विन यांनी १८५९ मध्ये ज्याला नैसर्गिक निवड म्हटले, ती हीच.

बियाण्याच्या पाकिटासोबत नॉन-बीटीचे छोटे पाकीट, ज्याला आपल्याकडे ‘रेफ्युजी’ म्हणतात, ते याच तत्त्वावर दिले जात होते. शेताच्या कडेच्या नॉन-बीटी ओळींत साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांचा संकर प्रतिकारक पतंगांशी व्हावा आणि पुढची पिढी पुन्हा विषाला बळी पडणारी निपजावी, असा त्यामागील हिशेब होता. बहुतेक ठिकाणी ते पाकीट बांधावर पडून राहिले. त्याबद्दल कोरडवाहू शेतकऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही, कारण कडेच्या ओळी अळीला सोडून द्या असे त्याला सांगितले गेले, पण त्यामागचे कारण क्वचितच कोणी समजावून दिले. अमेरिकेत ॲरिझोनात हा नियम नेटाने पाळला गेला, पुढे त्याऐवजी वंध्य केलेले पतंग सोडले जाऊ लागले, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये तेथील कापूसपट्टा या अळीपासून मुक्त झाल्याचे सरकारनेच जाहीर केले.

यावर, अळी शेवटी अळीच राहिली, तिचे दुसरे काही झाले नाही, असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्या प्रत्येक पेशीत आहे. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्या पेशीत ४८ गुणसूत्रे असतात, माणसाच्या पेशीत ४६. पूर्वज एकच असतील, तर माणसाच्या वंशात कोठे तरी दोन गुणसूत्रे एकमेकांना जोडली गेली असली पाहिजेत. एरवी गुणसूत्राच्या टोकाला आढळणारा विशिष्ट रासायनिक क्रम माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राच्या मधल्या भागात, आणि तोही समोरासमोर जोडलेल्या अवस्थेत, १९९१ मध्ये सापडला. निर्मात्याने माणूस वेगळा घडवला असे मानणाऱ्याला हा सांधा तेथे का, हे सांगावे लागेल. आणि माणूस माकडापासून झाला असे जीवशास्त्र म्हणतच नाही; माणूस आणि चिंपांझी यांचा पूर्वज काही दशलक्ष वर्षांपूर्वी समान होता, एवढेच त्याचे म्हणणे आहे.

राहिला प्रश्न श्रद्धेचा. विश्व मुळात का आहे, त्यामागे कोणाची इच्छा आहे का, हे प्रश्न प्रयोगशाळेत सुटत नाहीत, आणि जे विज्ञाननिष्ठ ते तेथेच सुटल्याचा आव आणतात, त्यांच्याशीही माझे जमत नाही. आमच्या नागपुरात ज्यांच्या नावाचे कॉलेज आहे, ते स्टीफन हिस्लॉप धर्मप्रसारासाठी आलेले स्कॉटिश मिशनरी होते. निर्मात्यावर नितांत श्रद्धा असलेल्या या माणसाने नागपूरच्या परिसरातले जीवाश्म गोळा केले, आणि मंगळी या गावाजवळच्या खडकातील उभयचराची कवटी अभ्यासासाठी लंडनला पोचवली. दगडात जे दिसले ते त्यांनी श्रद्धेला अडचणीचे म्हणून झाकून ठेवले नाही. आषाढीला पंढरीस जाणाऱ्या शेतकऱ्यालाही बोंडअळीचे पतंग गंधाने ओढून पकडणारे कामगंध सापळे लावताना विठ्ठलाची अडचण होत नाही.

म्हणून मागणी एवढीच आहे, की राज्याच्या नव्या पुस्तकात दहावीचे हे प्रकरण कायम ठेवावे आणि त्यात जीवाश्म, अवशेषांगे (शरीरात उरलेले निरुपयोगी अवयव) यांच्या जोडीला गुलाबी बोंडअळीची दोन पाने घालावीत. मजकुरासाठी फार लांब जावे लागणार नाही, केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपुरातच आहे. ते ‘रेफ्युजी’चे पाकीट कशासाठी होते, हे यवतमाळच्या किंवा परभणीच्या मुलाला निदान शाळेत तरी कळू द्या.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, यवतमाळ