चोवीस खुर्च्यांचा नकाशा

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कॅफेचा नकाशा मिळाला. दोन रात्री समोर ठेवून बघतोय. रंग छान निवडलेस, भिंतीवरची चित्रंही आवडली. पण 12 बाय 20 फुटांच्या गाळ्यात तू 24 खुर्च्या मांडल्यास, तिथे माझं बोट थांबलं.

हिशेब करून बघ. काउंटर मागच्या भिंतीशी, आडवा. पुढचा ओटा 2 फूट, मागचा 2 फूट, मधे तुला उभं राहायला 3 फूट. लांबीतले 7 फूट तिथेच गेले. उरला 12 बाय 13 चा तुकडा, म्हणजे 156 चौरस फूट. टेबल, खुर्ची, ये-जा सगळं धरून माणशी 12 ते 15 चौरस फूट लागतात. म्हणजे दहा-बारा माणसं. निम्म्या खुर्च्या काढणं तुला जड जाईल, ठाऊक आहे. पण ज्याच्या पाठीला सारखी कुणाची तरी पिशवी घासते, तो दुसरा कप मागवत नाही.

बारा जागा मी अशा बसवल्या. एका लांब भिंतीला सलग बाक, पाठीसकट 2 फूट खोल. त्यापुढे 2 फुटी चौकोनी टेबलं चार, पलीकडे एकेक सुटी खुर्ची. झाली आठ माणसं. चौघं एकदम आली तर दोन टेबलं जोडायची. समोरच्या भिंतीला फूटभर रुंदीची उंच फळी आणि चार स्टुलं. मधे साडेतीन फुटांची वाट राहते. तिथे कुंडीसुद्धा ठेवू नकोस. व्हीलचेअरवरून कुणी आलं तर 3 फूट मोकळे लागतातच.

टेबल 30 इंच उंच, बैठक 18. फळी 42, स्टूल 30. दोन्हीकडे 12 इंचांचा फरक सांभाळायचा, तरच मांड्या टेबलाखाली मोकळ्या राहतात आणि कोपरं वर टेकतात. बाकाला गादी घालणार असशील तर माणूस बसल्यावर ती किती दबते ते बघून उंची ठरव. इथे भलेभले चुकतात. टेबलाला चार पाय नकोत, मधे एकच खांब आणि खाली वजनदार तळ असू दे. तळाला उंची जुळवायचे स्क्रू हवेतच, नाहीतर डुगडुगणाऱ्या टेबलाखाली रोज कागदाच्या घड्या घालत बसशील.

आता काउंटर. याविषयी मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण दिवसाचे दहा तास तू तिथे उभी असशील. मी सुतारकामाला नवा होतो तेव्हा एका खाणावळीचा काउंटर केला होता. लाकूड उत्तम, पॉलिश आरशासारखं. पण मागे जागा 2 फूट ठेवली. फ्रिज उघडला की आतल्या मुलाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागायचं. दोन महिन्यांत मीच बांधलेला तो ओटा मला करवतीने कापावा लागला. तो आवाज अजून कानात आहे. म्हणून आधी तुझे हात कसे चालतील ते बघ. ऑर्डर आणि पैसे एका टोकाला, मग कॉफी दळायचा ग्राइंडर, त्याला लागून कॉफीचं मशीन, दुधाचा फ्रिज ओट्याखाली, आणि तयार कप दुसऱ्या टोकाला. तुला वळावं लागेल, चालावं लागू नये. कप न्यायला आलेला माणूस रांगेतल्या माणसाला आडवा जाणार नाही, हेही त्यातच साधतं.

मशीनसाठी स्वतंत्र वायरिंग, पाण्याची लाइन आणि सांडपाण्याला उतार, हे ओटा बसण्याआधी. मागून फरशी फोडायला लावू नकोस. सिंकखाली पाण्याला टिकणारा प्लाय वापर, कापलेल्या कडा सगळ्या सील करून घे. कपाटं जमिनीपासून उचलून पायांवर ठेव, म्हणजे झाडू आत जाईल.

दिवे पिवळसर घे, 2700 ते 3000 केल्विनचे (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप). काउंटरवर मात्र जास्त उजेड हवा. आणि नकाशात काच, टाइल्स, उघडं छत असं सगळंच कडक दिसतंय. त्यावर आवाज आपटून परत येतो, बारा माणसांचा गलबला तीस जणांचा वाटतो. छताला जाड फेल्टचे, म्हणजे दाबून केलेल्या कापडाचे, तक्ते लाव, बाकाच्या पाठीला कापडी गादी दे.

काहीही विकत घेण्याआधी गाळ्यात जा आणि फरशीवर चिकटपट्टीने हा सगळा नकाशा खऱ्या मापात आख. घरच्या दोन खुर्च्या ने. बस, ऊठ, हातात भरला ट्रे घेऊन त्या वाटेने चाल. कुठे अडखळलीस तिथे खूण कर आणि फोटो पाठव. बाकाचं लाकूड मी आणून ठेवलंय, पण तुझे फोटो येईपर्यंत त्याला करवत लावणार नाही.

तुझे,
बाबा