मेतकुटाच्या पाकिटावर नुसती मराठी का चालत नाही?

मा. मंत्री,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

मी सांगलीच्या गावभागात राहते. घरच्या ओट्यावर मेतकूट, भाजणी आणि दिवाळीत फराळ करून विकते. अन्न व्यवसायाची नोंदणी काढली आहे, तिचा १४ आकडी क्रमांक पाकिटावर छापते. त्यामुळे नियम नकोतच, असं रडगाणं मी गाणार नाही. नखं कापलेली असावीत, केस झाकावेत, आजारी असताना पदार्थाला हात लावू नये, पाणी पिण्याजोगं असावं. सरकारने अन्न व्यवसायाच्या परवाना-नोंदणी नियमांच्या अनुसूची ४ मध्ये लिहिलेलं हे सगळं आमच्या सासूबाई न वाचताच सांगायच्या, तेही जरा चढ्या आवाजात.

माझं भांडण लेबलशी आहे.

२०२० च्या लेबलिंग विनियमांप्रमाणे बंद पाकिटावरचा सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत हवा. मराठी जोडीला चालते, एकटी चालत नाही. म्हणजे घटकांच्या यादीत मी ‘हळद’ लिहिलं तर ते अपुरं आणि ‘हल्दी’ लिहिलं तर नियमात. लिपी तीच, हळदही सांगलीचीच, आणि पाकीट घेणाऱ्या आजी पलीकडच्या गल्लीतल्या.

हसून सोडून दिलं असतं, पण मेतकुटात गहू असतो. मेतकूट-मऊ भात आपण कुणाला देतो? लहान मुलांना, तापातून उठलेल्यांना. त्यांच्यात एखाद्याला गव्हाचं वावडं असेल तर अख्ख्या लेबलवर त्याच्या कामाचा शब्द तेवढा एकच. चिवड्यातले शेंगदाणे डोळ्यांना दिसतात तरी. मेतकुटातला गहू दळून गेलेला असतो. आता दोन्ही भाषांत लिही म्हणाल, तर १०० ग्रॅमच्या पाकिटावर जागा केवढी? वजन, किंमत, तारीख, बॅच नंबर, पत्ता, हिरवा ठिपका, नोंदणी क्रमांक बसवता बसवता जे ऐच्छिक आहे ते बाहेर पडतं. ऐच्छिक काय, तर मराठी.

नोंदणीच्या अर्जाचीही तीच गत. २०११ च्या नियमांत लहान उत्पादकाच्या नोंदणीची फी वर्षाला १०० रुपये ठेवली होती. मी एजंटाला दीड हजार मोजले. त्याच्याशी वाद घातला नाही, कारण मेतकूट कोणत्या रकान्यात बसवायचं हे मलाही सांगता येईना. शेवटी त्याने ते मसाल्यांत टाकलं. (मेतकूट मसाला नव्हे, हे आपल्याला सांगायला नको.)

आणि ती ‘कधीपर्यंत वापरावं’ची तारीख. ती हवीच, पण काढायची कशी? ओल्या खोबऱ्याची करंजी दुसऱ्या दिवशी संपवावी हे कुणीही सांगेल. चकली कधी खवट होते, पावसाळ्यात भाजणीला जाळी कधी धरते, हे तेलावर, भाजण्यावर आणि हवेवर असतं. प्रयोगशाळेचा खर्च माझ्या नफ्यात बसत नाही. खरं सांगायचं तर तारीख मी नाकाने ठरवते आणि वर दहा दिवस कमी करून छापते.

लेबलचा नियम केंद्राचा आहे, हे मला ठाऊक आहे. पण माल राज्यातच विकणाऱ्या छोट्या नोंदणीधारकांना राज्यभाषेतलं लेबल पुरेसं धरा, असं महाराष्ट्राने दिल्लीला लिहून कळवायला कोणाची हरकत आहे? तोवर जिल्ह्याच्या कार्यालयात मेतकूट, चकली, पापड, कुरडया, सांडगी मिरची अशा नेहमीच्या जिन्नसांची नमुना लेबलं लावून ठेवावीत. कोणता जिन्नस साधारण किती दिवस टिकतो, हे विभागाच्या प्रयोगशाळेत एकदा तपासून तिथेच लिहावं. आणि आपले अन्न सुरक्षा अधिकारी तपासणीला येण्याआधी एकदा बचत गटाच्या बैठकीला यावेत. आम्ही चहा देऊ, शंका विचारू, ओटाही दाखवू.

या पत्रासोबत १०० ग्रॅम मेतकूट टपालाने पाठवते आहे. पुढच्या बाजूला ‘हल्दी’ आहे, नियमाप्रमाणे. ‘यात गहू आहे’ ही मराठी ओळ बसवायला पुढे जागा उरली नाही; पाकीट उलटं करून बघावं लागेल.

आपली नम्र,
गावभागातली एक नोंदणीधारक