तेजू, निरोपाचं जेवण हॉलवर नको

टिळकवाडी, बेळगाव

चि. तेजूस,
अनेक आशीर्वाद.

जर्मनीत शिकायला जायचा व्हिसा लागून पासपोर्ट परत आला असं तू फोनवर सांगितलंस आणि बाबांनी देवापुढं साखर ठेवली. मग चप्पल घालून जे बाहेर पडले ते कुंदा घेऊनच आले. गल्लीत एक घर सोडलं नाही. समोरच्या अक्कांच्या घरी तर दोनदा वाटी गेली, कारण पहिल्यांदा त्या देवळात होत्या आणि बाबांना त्यांच्या हातातच द्यायची होती.

तुझी यादी वाचली. मैत्रिणींबरोबर गोवा, एक दिवस आंबोली, बेंगळूरच्या खोलीतलं सामान बसनं पाठवणं, खरेदी आणि निघायच्या आधीच्या शनिवारी खानापूर रोडवरच्या हॉलमध्ये सगळ्या पै-पाहुण्यांना एकदम बोलावून जेवण. बाकी सगळं ठीक आहे, पण हा हॉल मला पटत नाही. बाबांना पटलाय. तेव्हा तुमच्या दोघांशीही हे भांडण माझं एकटीचं आहे, असं समज.

हॉलवर काय होतं ते आपण बघतोच. माणसं ताट हातात घेऊन रांगेत उभी राहतात. तुझ्यापुढं येतात, पाकीट देतात, एक फोटो काढतात आणि पुढं सरकतात. ज्यांना तू भेटायलाच हवं, ती तर यायचीच नाहीत. आज्जीचे गुडघे हॉलच्या पायऱ्या चढत नाहीत. नंदगडच्या काका-काकूंची तेव्हा भातात भांगलण असते, पाऊस उघडला की सगळं घर शेतात. अक्कांचे यजमान अंथरुणावर आहेत, त्यांना सोडून त्या गल्लीबाहेर पडत नाहीत. आणि चिकोडीचे मामा येतील, नक्की येतील, कोपऱ्यात बसून जेवून जातील. तेजू, तुझं कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं म्हणून बँकेनं तारण मागितलं, तेव्हा मामांनी न विचारता स्वतःच्या घराचा उतारा आणून बाबांच्या हातात ठेवला. त्या माणसाला तू हॉलच्या रांगेत भेटणार? तू चिकोडीला जायचंस. त्यांच्या सोप्यावर बसायचंस, मामी देतील तो चहा प्यायचास, वाकून नमस्कार करायचास. आभार मानू नकोस, ते अवघडतील. तिकडं काय शिकणार, किती वर्षं लागणार, फेड कधी सुरू होणार, ते सगळं नीट सांग. त्यांना ते तुझ्या तोंडून ऐकायचंय.

जाणाऱ्यानं घरोघरी जाऊन सांगून निघायचं, ही आपल्याकडची रीत मला फार शहाणपणाची वाटते. तू त्यांच्या उंबऱ्यावर गेलीस की ती माणसं मोकळी बोलतात. वडगावच्या आत्याचंच बघ. मंगाईची यात्रा झाल्यापासून ती तुझ्यासाठी साडी काढून बसलीय. हॉलवर ती साडी पिशवीतून देऊन मोकळी होईल. घरी गेलीस तर मागावर बसवून तुला सांगेल, ही किती दिवसांत उतरली, काठ कुणी बसवला. तिचे पाय आता सुजतात, तरी काम सुटत नाही. तासभर काढ तिच्यासाठी.

म्हणून माझा बेत असा. तू राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं येशील त्या दिवशी काही नाही, झोप. दुसऱ्या दिवसापासून बाबांच्या स्कूटरवर शहरातली घरं. शहापूर, वडगाव, अनगोळ दोन संध्याकाळींत होतात. चिकोडी आणि निपाणीच्या मावशीचं एका दिवसात जमतं. नंदगडला मात्र दोन रात्री राहायचंच.

नंदगडचं का सांगते. आज्जीला आपण फोन घेऊन दिलाय, पण तिला व्हिडिओ कॉल उचलता येत नाही. तिला समजत नाही अशातला भाग नाही. जन्मभर माती आणि राख यांतच हात, अंगठ्याची कातडी इतकी कोरडी आणि घट्टे पडलेली आहे की काच तिचं बोट ओळखतच नाही. ती हिरवं चिन्ह दाबते, पुन्हा दाबते, तोवर कॉल बंद होतो आणि मग आपलंच काही चुकलं म्हणून फोन उशीखाली ठेवून देते. मागच्या खेपेला मी ओलं फडकं जवळ ठेवून बघितलं. बोट जरा त्याच्यावर टेकवलं आणि मग हिरव्यावर ओढलं, की लागतो. दोन रात्री तू तिच्याजवळ बस आणि शेजारच्या खोलीतून तिला पुन्हा पुन्हा फोन कर. हात बसेपर्यंत कर. तुझ्या सगळ्या तयारीत मला ही सर्वांत मोठी वाटते. वेळही तिला सांगून ठेव. तू जाशील तेव्हा तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असेल आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार तास. आज्जी आठला झोपते. म्हणजे तुझी दुपारची जेवणाची सुट्टी हीच तिची वेळ.

नंदगडला आहेस तर सकाळी इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीला जाऊन ये. 1831 मध्ये इंग्रजांनी त्याला तिथं फाशी दिलं. लहानपणी काकांच्या खांद्यावर बसून तू तिथं जायचीस, आता काकांना बरोबर घेऊन जा.

कणकुंबीला आपण तिघं जाऊ. तिथल्या माउली देवीची ओटी भरायची आहे, ती मी बोललेय. जांबोटीवरून रस्ता या दिवसांत खराब असतो, धुकंही असतं, पण भर पावसातली कणकुंबी तू बरेच दिवसांत बघितलेली नाहीस. मलप्रभा तिथंच उगम पावते. पुढं आपल्या खानापूर-असोग्यावरून, सौंदत्तीच्या धरणातून कूडलसंगमला कृष्णेला मिळते, हे बाबा तुला गाडीत सांगणारच. ऐकून घे, त्यांना हौस आहे. तुझं ॲडमिशन झाल्यापासून ते फार गप्प असतात. नदी, देवळं, कदंब राजांची हलशी असा विषय निघाला की पूर्वीसारखे बोलतात. त्यांच्यासाठी येताना हलशीवरूनही यायला माझी ना नाही, वाट वाकडी झाली तरी.

मैत्रिणींबरोबर अवश्य जा. फक्त गोव्याचा हट्ट सोड. पावसात समुद्र खवळलेला असतो, पाण्यात उतरू देत नाहीत, मग हॉटेलात बसून काय करणार? त्यापेक्षा गोकाकला जा. श्रावणात घटप्रभा तांबड्या पाण्यानं दुथडी भरून वाहते आणि 52 मीटरवरून खाली येते. आवाजानं शेजारणीचं बोलणं ऐकू येत नाही. कठड्याच्या अलीकडं राहा, फोटोसाठी दगडावर कुणी जायचं नाही. आंबोलीला शनिवार-रविवार सोडून जा. शिनोळीच्या पुढं सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांगच रांग असते. खानापूरच्या जंगलातल्या धबधब्यांकडं कुणी चल म्हणालं तर नाही म्हण, पावसाळ्यात तिथं जाणं धोक्याचं आहे.

आता सामान. तू लिहिलंस की तिथल्या वसतिगृहातल्या मुलांसाठी कुंदा आणते. नाही नेता येणार. युरोपात बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणू देत नाहीत. कुंदा म्हणजे निव्वळ दूध, तेव्हा तो इथंच पोटभर खा. तूपही राहिलं. ताजा कढीपत्ताही नको. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत, त्यातलं तेल पेट घेतं म्हणतात, म्हणून ओटीचा नारळ आपण इथंच फोडू. शेंगाचटणी आणि कारळाची चटणी देते, दोन्ही खोबरं न घालता. ब्याडगी मिरची आणलीय. ऊन पडत नाही म्हणून सध्या गॅसच्या शेजारी सुपात पसरून ठेवलीय, देठं काढून झाली आहेत. तू आलीस की भाजू. वासानं गल्ली शिंकेल, पण डब्यात भरल्यावर तो मसाला वर्षभर टिकतो. कुकर घेशील तो इंडक्शनला चालणारा घे, नुसता अ‍ॅल्युमिनियमचा त्या शेगडीवर तापत नाही. तुझ्या मोबाइलच्या चार्जरची दोन गोल पिनांची पिन तिथल्या प्लगमध्ये बसते. लॅपटॉपची तीन पिनांची बसत नाही, तेवढा एकच अ‍ॅडाप्टर पुरे. बॅग 23 किलोला बांधायची. बाबांनी वजनकाटा आणलाय आणि सध्या घरातली प्रत्येक वस्तू त्याला लटकवून बघतात.

कागदांचं काम यादीत शेवटी आहे, ते पहिलं कर. बाबांनी फाइल लावलीय. ए.पी.एस.चं प्रमाणपत्र (जर्मनीसाठी शिक्षणाचे कागद तपासून देतात ते), विद्यापीठाच्या गुणपत्रिका, प्रवेशपत्र, विमा, सगळ्यांचे दोन संच. मूळ कागद हातातल्या पिशवीत, चेक-इनमध्ये नाही. तुझ्या जन्मदाखल्यावर बेळगाम आहे आणि पासपोर्टवर बेळगावी. 1 नोव्हेंबर 2014 ला सरकारनं नाव बदललं, तुझा दाखला त्याच्या आधीचा. कुणी विचारलं तर गांगरू नकोस, शांतपणे एवढंच सांग. औषधांची चिठ्ठी डॉक्टरांकडून इंग्रजीत घेऊन ठेव, औषधाच्या मूळ नावासकट. दाताचं जे काय असेल ते इथंच उरकून जा.

तिथं पोचल्यावर खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करायची असते आणि त्याला घरमालकाचं पत्र लागतं. ते पत्र देणार का, हे आत्ताच मेल करून विचार. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधीच भरून ठेवलेल्या 11,904 यूरोंतून महिन्याला 992 मिळतील, पण तिथलं बँकखातं सुरू होईपर्यंत नाही. म्हणून पहिल्या महिन्याचे पैसे वेगळे, कार्डावर थोडे आणि रोख थोडे. रविवारी दुकानं बंद असतात. शनिवारी दूध, ब्रेड, भाजी आणून ठेवत जा.

नकाशात आखेन बघितलं. नेदरलँड्स आणि बेल्जियम, दोन्ही तिथून हाकेच्या अंतरावर. दारात दोन-तीन भाषा ऐकत तू वाढलीस. घरात मराठी, अक्कांशी कानडी, कॉलेजात इंग्रजी. जर्मनही तुझ्या तोंडात बसेल, मला शंका नाही. फक्त लाजू नकोस. चुकत चुकत बोल, अक्कांशी मी गेली कित्येक वर्षं तशीच कानडी बोलते.

मला वाईट वाटतंय का, असं तू परवा विचारलंस आणि मी विषय बदलला. वाटतंय. संध्याकाळी कुकर लावताना जास्त वाटतं. पण तू जाऊ नयेस असं एकदाही मनात आलं नाही, हेही तितकंच खरं. म्हणून तर हे दिवस हॉलच्या बुकिंगमध्ये आणि केटररच्या मागं घालवायचे नाहीत. हॉलचे पैसे वाचतील त्यातून एक चांगला थंडीचा कोट तिथं गेल्यावर घे, इथले जाड स्वेटर तिथल्या वाऱ्याला पुरत नाहीत म्हणतात.

घरच्या गणपतीचं पाचव्या दिवशी विसर्जन करून मगच निघायचं, ते ठरलेलंच आहे. बाबांशी हॉलचं तूच बोल, माझं ऐकणार नाहीत, तुझं ऐकतील. आणि कुठल्या तारखेच्या गाडीचं तिकीट मिळालं ते आजच कळव. आत्याला आणि मामांना निरोप द्यायचाय, आणि आज्जीनं आतापासूनच तांदूळ निवडायला घेतलेत.

तुझी,
आई